परवचा, पावकी आणि पीण्या

आजचा भाग बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातून सुरू करू या. विषय मुलांच्या पाढ्यांचा आहे. मोबाइलवरच्या ॲपमधून मुलं बेरीज, वजाबाकी, पाढे घोकतात, त्या घोकण्याचा इतिहास आपल्याला बघायचा आहे. त्यासाठी कारखान्यांच्या वस्तीत का जायचं, ते थोड्या वेळात कळेल.

२३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं. टाळ्या वाजल्या तो नियंत्रण कक्ष आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. तो कक्ष पीण्यात आहे. इस्रोचं इस्ट्रॅक, म्हणजे यानांचा माग ठेवणारं आणि त्यांना आज्ञा पाठवणारं केंद्र, याच औद्योगिक क्षेत्रात आहे. त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत लेथ चालतात, सीएनसी मशीन चालतात, प्लेटिंग होतं, कपडे शिवले जातात. १९७० च्या दशकापासून वाढत गेलेली ही वसाहत लहान उद्योगांच्या बाबतीत आशियातल्या मोठ्या वसाहतींत गणली जाते. उत्तर कर्नाटकातून, बिहार-ओडिशातून माणसं इथे कामाला येतात. बेळगाव, निपाणी, बिदरकडची मराठी बोलणारी कुटुंबंही त्यांत असतात.

या गल्ल्यांत तोंडी गणित अजून जिवंत आहे. फॅब्रिकेशनवाला पट्टी मोजताना ‘तीन इंच दोन सूत’ म्हणतो. आठ सूत म्हणजे एक इंच, तेव्हा दोन सूत म्हणजे पाव इंच. लेथवरचा माणूस मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बोलतो. आणि महिनाअखेरीला प्रत्येकाला एक गणित चुकत नाही, ओव्हरटाइमचं. कायद्याप्रमाणे जादा तासांना दुप्पट दर मिळायला हवा. समजा, दर ताशी ८० रुपये आणि जादा काम सव्वादोन तास. दुप्पट दर १६०, त्याचे दोन तासांचे ३२० आणि पाव तासाचे ४०, मिळून ३६०. हे ज्याला उभ्या उभ्या जमतं, तो पगाराच्या खिडकीवर चिठ्ठी बघूनच बोलतो. ज्याला जमत नाही, तो पैसे घेऊन निघून जातो. पाढे कशासाठी, हा प्रश्न कुणी विचारला तर मी आधी ही खिडकी दाखवेन.

आता मागे जाऊ. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत पोरं धूळपाटीवर बोटानं किंवा काडीनं अक्षरं आणि अंक गिरवायची. पाढे मात्र गिरवायचे नसत, म्हणायचे असत. एक मोठा मुलगा पुढे उभा राहून सांगायचा आणि बाकीचे त्याच्यामागून ओरडायचे. संध्याकाळी दिवेलागणीला घरी पुन्हा तेच. याला आपल्याकडे शब्दच आहे, परवचा. देवासमोर दिवा लागला, शुभंकरोती झाली की पाढ्यांची पाळी. स्वयंपाकघरातून आई ऐकत असायची आणि चुकलं की तिथूनच आवाज यायचा.

पुढच्या मुलानं मागच्यांना शिकवायची ही रीत इंग्रजांच्या नजरेत भरली. मद्रासला एग्मोरच्या अनाथाश्रमावर देखरेख करणाऱ्या अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्यानं गावठी शाळेतली मुलं वाळूत लिहिताना पाहिली, मोठ्या मुलाकडून धाकट्यांना शिकवून घेण्याचा प्रयोग आपल्या आश्रमात केला आणि १७९७ मध्ये त्यावर पुस्तिका छापली. इंग्लंडात ही ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली. पुढे साहेब आपल्याला शाळा कशी चालवावी ते शिकवायला आले, तेव्हा सामानात ही आपलीच वस्तू होती.

पण आपली खरी दौलत पाढ्यांच्या पुढे होती. तीसपर्यंत पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे हे पाढे. औट म्हणजे साडेतीन. ‘औट घटकेचं राज्य’ आपण अजून म्हणतो, पण औट म्हणजे किती हे विचारलं तर पदवीधर माणूसही छताकडे बघतो.

ही पाठांतरं कुणाला छळायला काढलेली नव्हती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. मणाचे चाळीस शेर, शेराचे चार पावशेर. पैसा, वजन, माप सगळं पाव आणि अर्ध्यानं तुटणारं. तेरा शेर माल, सव्वा आणा शेर. सवायकी पाठ असलेला म्हणणार, तेरा सवाया सव्वासोळा. म्हणजे सव्वासोळा आणे, म्हणजे एक रुपया आणि वर पाव आणा, म्हणजे एक पैसा. कागद नाही, पेन्सिल नाही. गिऱ्हाईक पिशवीचं तोंड बांधेपर्यंत हिशेब तयार.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण या विषयावर बोलताना बहुतेक लोक गहिवरतात. ही दौलत सगळ्यांची नव्हती. पंतोजींची शाळा फी देणाऱ्यांची होती, मुलींना तिथे जागा नव्हती, अस्पृश्य मानलेल्या जातींना तर नव्हतीच. पावकी-दिडकी कुलकर्ण्याच्या आणि सावकाराच्या डोक्यात होती आणि कर्ज शेतकऱ्याच्या डोक्यावर. जोतीराव फुल्यांनी हे नेमकं ओळखलं होतं. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेत काय शिकवावं ते सांगताना मोडी आणि बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब मागितले आहेत. मोडी आणि हिशेब, कारण सावकाराची वही मोडीत असायची. ती वाचता आली आणि तिच्यातला आकडा डोक्यात पडताळता आला, तरच शिक्षणाचा काही उपयोग. पाढ्यांच्या इतिहासात मला हे निवेदन फार मोठं वाटतं. पीण्यातली पगाराची खिडकी आणि सावकाराची वही यांच्यात काळाचं अंतर आहे, प्रकार तोच आहे.

मग पावकी-दिडकी गेली कुठे? तिला कुणी बंदी घातली नाही. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो आणि मीटर आले. आणा गेला, शेर गेला, आणि त्यांच्यावर उभी असलेली पाठांतरं पाच-दहा वर्षांत निराधार झाली. दशांश पद्धत सोपी आहे, ती आली ते बरंच झालं. पण भाषेला हे कुणी कळवलं नाही. आपण अजून सव्वा किलो, अडीच तास, साडेतीन टक्के म्हणतो. तोंडात अपूर्णांक आहेत, वहीत दशांश आहे आणि मधला पूल पावकीबरोबर गेला.

आता यंत्राकडे येऊ. मुलानं यंत्रासमोर बसून गणिताचा सराव करायचा, ही कल्पना मोबाइलच्या कितीतरी आधीची. १९५३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतला मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या चौथीच्या वर्गात गणिताचा तास बघायला गेला. त्याला दोन गोष्टी खटकल्या. उत्तर बरोबर की चूक, हे मुलांना लगेच कळत नव्हतं. आणि सगळ्यांना एकाच चालीनं जावं लागत होतं, हुशार मुलं कंटाळत होती, मागची मुलं हरवत होती. त्यानं एक यंत्र बनवलं. १९६० च्या दशकात स्टॅनफर्डच्या पॅट्रिक सपेस यांनी शाळेत टेलिटाइप बसवून संगणकाकडून मुलांना रोज थोडा वेळ अंकगणित घोकायला लावलं. १९७६ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं ‘लिटिल प्रोफेसर’ नावाचं खेळणं काढलं. दिसायला कॅल्क्युलेटर, पण उलटा. तो गणित विचारायचा आणि उत्तर मुलानं द्यायचं. हीच कंपनी १९८५ मध्ये बेंगळुरूला आली, या शहरात सॉफ्टवेअर आणि चिपचं काम करणारी पहिली मोठी परदेशी कंपनी म्हणून. ती खेळणी विकायला आली नव्हती, पण पुढे याच शहरातून अशा खेळण्यांचं पीक निघालं.

आजचं पाढ्यांचं ॲप उघडा. लगेच टिंग वाजतं किंवा लाल फुली येते, मुलाच्या चालीनं पायरी वाढते. स्किनरला खटकलेल्या दोन गोष्टींवरच सगळा डोलारा उभा आहे. वर तारे, नाणी आणि नाचणारा हत्ती, तो भाग वेगळा.

याचा उपयोग होतो का? या प्रश्नाचं पहिलं चांगलं उत्तर भारतात मिळालं ते वडोद्यात. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेच वडोदं. त्या शहराच्या महापालिका शाळांत २००२ ते २००४ या काळात ‘प्रथम’ या संस्थेनं चौथीच्या मुलांना संगणकावर गणिताचे खेळ दिले. आठवड्याला दोन तास, एका संगणकापुढे दोन मुलं. ‘प्रथम’ सुरू झाली मुंबईच्या वस्त्यांमधून, माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांच्या पुढाकारानं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांची रीतसर तुलना केली. गणिताचे गुण ०.४७ प्रमाण विचलनानं वाढले होते. शिक्षणाच्या प्रयोगांत ही वाढ मोठी धरतात. मात्र कार्यक्रम थांबल्यावर एका वर्षानं बघितलं तेव्हा त्यातलं साधारण ०.१० उरलं होतं. जाहिरातीत पहिला आकडा येतो, दुसरा येत नाही.

आणखी एक अभ्यास सांगतो. दिल्लीत शाळा सुटल्यावर चालणाऱ्या केंद्रांमध्ये ‘माइंडस्पार्क’ हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या मुलांचं गणित साडेचार महिन्यांत ०.३७ प्रमाण विचलनानं सुधारलं. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांचे सहकारी यामागचं कारण देतात ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. सहावीतलं मूल सरासरी अडीच इयत्ता मागे होतं. वर्गात शिक्षक सहावीचं पुस्तक शिकवत होते आणि सॉफ्टवेअर मूल होतं तिथून सुरू करत होतं. आणि त्या केंद्रांत स्क्रीनच्या वेळेइतकाच वेळ माणूसही छोट्या गटाला शिकवत होता.

मूल असेल तिथून सुरू करायचं, हे कर्नाटकाला नवं नव्हतं. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ‘नली-कली’ सुरू झालं. मुलानं एक कार्ड पुरं केलं की पुढचं घ्यायचं, पायऱ्या आपल्या गतीनं चढायच्या. पुढे ते राज्यभर पहिली ते तिसरीला आलं. म्हटलं तर हे कागदावरचं ॲपच. बेंगळुरूच्याच ‘अक्षरा फाउंडेशन’नं सरकारी शाळांसाठी गणिताची पेटी काढली. त्यात मणी, अपूर्णांकांचे तुकडे, खोटी नाणी, म्हणजे हातात धरायच्या वस्तू होत्या. त्यानंतर त्यांनी ‘बिल्डिंग ब्लॉक्स’ हे फुकट ॲप केलं, साध्या फोनवर, इंटरनेट नसतानाही चालणारं. मला हा क्रम आवडतो, आधी पेटी आणि मग फोन. याच शहरात दुसरा क्रमही घडला. २०१५ मध्ये ॲप आणून बायजूज २०२२ पर्यंत २२ अब्ज डॉलरची कंपनी ठरली आणि २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत गेली.

आता पीण्यातल्या मुलाकडे परत. घरी मराठी, शाळेत कन्नड, ॲप बहुधा इंग्रजी. मराठीत ‘बे एके बे, बे दुणे चार’. कन्नडमध्ये पाढ्यांना मग्गी म्हणतात, तिथे ‘एरडोंद्ल एरडु, एरडेरड्ल नाल्कु’. इंग्रजी शाळेत गेलं तर ‘टू वन्झा टू, टू टूझा फोर’. या ‘झा’चा अर्थ ना मुलाला माहीत, ना बाईंना. ते ‘टू वन्स आर टू’चं झिजलेलं रूप आहे. पाढा जिभेवर बसतो, आणि जीभ एका भाषेत वळते. मोठेपणी माणूस इंग्रजीत कितीही बोलला तरी सात नव्वे त्रेसष्ट मनात मराठीतच येतं.

त्यात मराठी संख्यांची आपली एक खोड आहे. ३७ ला आपण सदतीस म्हणतो, आधी सात आणि मग तीस. कन्नडमध्ये मूवत्तेळु, आधी तीस आणि मग सात, आकडे लिहितो त्याच क्रमानं. आपल्याकडे ३९ म्हणजे एकोणचाळीस, म्हणजे चाळीसला एक कमी. आता समजा, मूल मनात ‘सदतीस’ म्हणालं आणि ऐकल्या क्रमानं बोट चालवलं, तर पडद्यावर ७३ उमटतं. ॲप फुली मारतं आणि तोच पाढा पुन्हा विचारतं. पाढा मुलाला येत होता. गडबड संख्येच्या नावात होती आणि ते ॲपला कळायला वाव नाही. पंतोजींनाही कळत नव्हतं म्हणा, ते छडी मारायचे.

२०१९ च्या जून महिन्यात यावर महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसबरोबर ‘वीस एक’ असंही वाचायला दिलं होतं. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या. जुनी नावं काढलेली नव्हती, जोडीला दुसरी वाट ठेवली होती, जोडाक्षरांत आणि उलट्या क्रमात अडखळणाऱ्या मुलांसाठी. विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावावर कोट्या झाल्या, मराठी बुडाल्याची हाकाटी झाली. नारळीकरबाईंवर त्या वेळी अन्याय झाला असं माझं मत आहे. पीण्यातल्या मराठी मुलाला विचारा, तो रोज कन्नड वर्गात ‘तीस सात’ म्हणतो आणि घरी येऊन सदतीस. त्याचं मराठी त्यानं बुडत नाही. उलट दोन्ही वाटा माहीत असलेल्या मुलाला आकडा लिहिताना एक पडताळा मिळतो. ॲप बनवणाऱ्यांनी एवढं केलं तरी पुरे, उत्तर उलट्या क्रमानं आलं तर फुलीऐवजी संख्येचं नाव मोठ्यानं ऐकवायचं.

पण फोन घरात असतो कधी? ‘असर’च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या शाळकरी मुलांच्या घरांत स्मार्टफोनचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, २०२० मध्ये ६१.८ टक्के झालं. घरात फोन असणं आणि मुलाच्या हातात असणं वेगळं. कामगाराच्या घरात एकच फोन असेल तर तो शिफ्टला जातो. तो परत येईपर्यंत परवच्याची वेळ टळलेली असते. त्याच ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी भागाकार करू शकणारी ३०.७ टक्के होती.

टाळेबंदीच्या काळात आफ्रिकेतल्या बोत्स्वानात एक साधा प्रयोग झाला. काही घरांना गणिताचे एसएमएस पाठवले, काही घरांना एसएमएसबरोबर आठवड्यातून एकदा वीसेक मिनिटांचा फोन केला. साधा फोन, स्मार्टफोन नव्हे. शिक्षक पालकाला स्पीकर लावायला सांगायचे आणि मुलाकडून गणित तोंडी करून घ्यायचे. नुसत्या एसएमएसचा परिणाम जवळजवळ दिसला नाही. फोनवरच्या आवाजाचा दिसला. परवचा काय वेगळा होता? चुकलं की स्वयंपाकघरातून येणारा तो आवाज होता.

२०२५ च्या सुरुवातीला ‘नेचर’मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा अभ्यास आला, पुन्हा बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा. ही मुलं दोन-तीन वस्तूंचा हिशेब, सुटे पैसे, सगळं डोक्यात अचूक करायची. तेच गणित पुस्तकी रूपात कागदावर दिलं की अडायची. शाळेतल्या मुलांचं उलट, कागदावरचं थोडंफार जमायचं, पण बाजारातल्या हिशेबाला हात घालता यायचा नाही. फुल्यांनी हंटर आयोगाकडे मोडी आणि हिशेब एका वाक्यात मागितले होते, ते इथे आठवतं. वही आणि बाजार तेव्हाही दोन वेगळ्या माणसांच्या हातात होते.

म्हणून पीण्यात, किंवा चाकणला, किंवा बुटीबोरीला, ॲप वापरणाऱ्या आईबापांना मी एवढंच विचारेन. मूल पडद्यावर १६० गुणिले २.२५ सोडवतं का, ते ॲप सांगेल. सव्वादोन तासांच्या ओव्हरटाइमचे किती झाले, हे त्याला रात्री जेवताना विचारलंत का? तो हिशेब तुमच्या घरचाच आहे, आकडे पगाराच्या चिठ्ठीवर आहेत आणि सव्वा हा शब्द अजून तुमच्या तोंडात आहे.

पुढच्या भागात पायली, अधोली आणि चिपट्याकडे जाऊ. धान्य मोजण्याची ही मापं किलो आल्यावरही कोकणात आणि देशावर कशी टिकून राहिली, ते बघू.